उथळ खाऱ्या तलावातलं शेवाळ: आधी पाणी मोजा, मग पोतं उघडा

कोळंबीच्या निमखाऱ्या तलावांबाबत दोनच प्रश्न फिरून फिरून येतात. एक, पाणी नितळ पण तळावर केसाळ हिरव्या शेवाळाची गादी, दुकानदार म्हणतो युरिया दुप्पट करा. दुसरा, पाणी गर्द हिरवं, पहाटे कोळंबी वर येते, दुकानदाराने मोरचूद (तांब्याचं क्षार, कॉपर सल्फेट) दिलंय, टाकू का?

नका टाकू. दोन्ही नका टाकू.

उथळ पाण्यात ऊन थेट तळाला पोचतं. उजेडाची ददात नसते, म्हणून वाढ अडते ती अन्नद्रव्यांवर, खाऱ्या पाण्यात बहुधा नत्रावर. युरियात ४६ टक्के नत्र. गादी असताना तो टाकलात की आधी तीच ओढून घेते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला, जे तुम्हाला हवंय, उरलंसुरलं मिळतं. दाताळ्याने गादी ओढा, बांधाच्या पलीकडे टाका (काठावर ठेवलीत तर कुजून सगळं परत पाण्यात), पाण्याची खोली मीटरभर करा, मगच हलकी मात्रा. तीही पाण्यात विरघळवून, उन्हाच्या दिवशी, सकाळी. ढगाळ हवेत एक मूठसुद्धा नाही. डीएपीचे (नत्र-स्फुरदाच्या खताचे) दाणे कोरडे फेकू नका, ते तळाशी जातात आणि स्फुरद (फॉस्फरस) गाळात अडकतो.

आणि नुसता युरिया तर नाहीच. सागरी सूक्ष्म शेवाळाच्या अंगात नत्राच्या साधारण १६ अणूंमागे स्फुरदाचा १ असतो. डायटम या चांगल्या जातीला सिलिकाही लागते, ती युरियाच्या पोत्यात नसते. नत्र रेटत राहिलात की डायटम मागे पडतात आणि नको त्या, कधी विषारी, जाती माजतात.

आता मोरचूद. त्याने शेवाळ एकदम मरतं, कुजताना प्राणवायू खातं. प्राणवायू कमी पडून आधीच पहाटे वर येणारी कोळंबी त्याच रात्री जाते. मेलेल्या शेवाळातलं नत्र-स्फुरद पाण्यात सुटतं, त्यावर नवं शेवाळ येतं, आणि दुकानदार दुसरी पुडी देतो! तांबं मात्र गाळात राहतं. त्याऐवजी खत बंद, खाद्य कमी, रात्रभर एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र), थोडं थोडं पाणी बदला. खाद्यातल्या नत्राचा जेमतेम पाव हिस्सा कोळंबीच्या अंगी लागतो, बाकी खतच आहे.

काढलेलं पाणी सरळ खाडीत सोडू नका, आधी निवळ-तलावात थांबवा. खाडीही उथळच, आणि पुढच्या भरतीला तेच पाणी तुम्ही आत घेणार.

पाणी किती नितळ ते मोजायला सेक्की तबकडी करा: २० सेंमीची पत्र्याची चकती, पाव-पाव काळीपांढरी, खुणांची दोरी. दुपारच्या आसपास पाण्यात सोडा. ३० ते ४० सेंमीवर दिसेनाशी झाली तर काहीही टाकू नका. २५ च्या आत असेल तर खताचं नावही नको. ६० च्या पुढे गेली तरच खताचा विचार. दुकानदाराला हा आकडा विचारा. सांगता आला नाही तर त्याचं पोतं त्याच्याकडेच राहू द्या.

एअरेटरच्या अनुदानासाठी तलावाच्या नोंदणीचे कागद घेऊन मत्स्य विभागात विचारा. मंजुरीआधी खरेदी नको.