चेहरा सुजलाय म्हणून गोळी बंद करताय?

ताई, आमवातासाठी वर्षभर प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू आहे, चेहरा गोल झालाय, गल्लीतल्या बायका 'अंग धरलंस की गं' म्हणतात, म्हणून सोमवारपासून गोळी बंद करणार म्हणताय. मी याच दुखण्याची जुनी पेशंट, म्हणून स्पष्टच सांगते: एकदम बंद करू नका.

किडनीच्या डोक्यावर अॅड्रिनल ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. महिनोन्महिने गोळी बाहेरून मिळाली की त्या हात आखडता घेतात. मग गोळी अचानक तोडली तर ना बाहेरचं, ना घरचं. चक्कर, उलट्या, बीपी उतरणं, जिवावरही बेततं. म्हणून डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, आणि ५ मिलिग्रॅमच्या आसपास आलात की मुंगीच्या पावलानं. उतरवताना अंग मोडून येतं, अगदी आमवात उसळल्यासारखं. ते नक्की काय, हे त्यांनाच ठरवू द्या.

डोस उतरला की चेहरा हळूहळू ओसरतो. मला काळजी वाटते ती आरशात न दिसणाऱ्या गोष्टींची. शुगरचंच बघा. सकाळी गोळी घेतली की ती चढते दुपारनंतर, आणि उपाशीपोटीचा रिपोर्ट नॉर्मल! माझाही तसाच यायचा, दुपारच्या जेवणानंतरची तपासली तेव्हा खरं कळलं. आणि हो, आपल्याकडचा गूळ 'नैसर्गिक' म्हणून शुगरला चालतो, हे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तांबडा-पांढरा रस्सा खा, पण वाटीवर वाटी ओढली की तेवढं मीठही पोटात जातं आणि पायावर सूज येते. (हे घरच्यांना पटवणं हा वेगळाच आजार.)

हाडं पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात वेगानं झिजतात, तेही न दुखता. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी), कॅल्शियम, व्हिटॅमिन डी यांचं विचारून घ्या. डोळ्यांचा नुसता नंबर काढून परत येऊ नका, दाब आणि मोतीबिंदूही बघायला सांगा.

औषधावर राग नको. १९४८ साली अमेरिकेत आमवातावर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड पहिल्यांदा दिलं ते एका बाईलाच, आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. आता स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून मेथोट्रेक्सेटसारखी औषधं असतात, तुम्हाला चालेल का विचारा. मात्र आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. बाजारातल्या बिनलेबलच्या 'सांधेदुखीच्या पुडी'च्या नादाला तर अजिबात लागू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइडच मिसळलेलं सापडलेलं आहे.

पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा: कुठलं स्टेरॉइड, किती, कधीपासून. दात काढताना, ऑपरेशनच्या आधी ती दाखवा. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर सकाळ उजाडायची वाट बघू नका, कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल नाहीतर जवळचं कुठलंही हॉस्पिटल गाठा.