नफा दुप्पट झाला, तरी शेअर का पडला?

तुमचा प्रश्न असा की कंपनीने दुप्पट नफा जाहीर केला आणि त्याच दिवशी शेअर आपटला, मग बाजाराला अक्कल आहे की नाही? एरवी मीही शंका घेतो, पण इथे बाजार बरोबर आहे. निकालाच्या दिवशी नफा वाढला की घटला हे कुणी बघत नाही. भावात आधीच जेवढी वाढ धरलेली होती, त्यापेक्षा आकडा किती वर किंवा खाली आला, एवढंच बघतात.

एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीचे दोन निकाल शेजारी ठेवा. मे २०२३मध्ये तिमाही विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा १३ टक्क्यांनी कमी होती, तरी दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे २४ टक्के उसळला. पुढच्या तिमाहीत ११ अब्ज डॉलर विक्री होईल असं कंपनीने सांगितलं होतं आणि विश्लेषक ७ अब्जांच्या आसपास धरून बसले होते. ऑगस्ट २०२४मध्ये विक्री १२२ टक्के वाढून ३० अब्ज डॉलरवर गेली आणि शेअर ६ टक्क्यांहून जास्त पडला. गंमत म्हणजे तो आकडा आणि पुढच्या तिमाहीचा अंदाज, दोन्ही विश्लेषकांच्या सरासरीपेक्षा वरच होते. पण कंपनीने इतक्या वेळा अंदाज मोडीत काढले होते की छापील सरासरीवर कुणी विसंबून नव्हतं, खरी अपेक्षा तिच्या बरीच पुढे गेली होती. त्यात ढोबळ मार्जिनही, म्हणजे मालाचा थेट खर्च वजा जाता विक्रीतून उरणारा टक्काही, आधीच्या तिमाहीपेक्षा घसरलं होतं.

हे नवं नाही. रे बॉल आणि फिलिप ब्राउन या अभ्यासकांनी १९६८ सालीच दाखवलं होतं की वार्षिक नफ्यातली बरीचशी बातमी निकालाआधीच्या महिन्यांतच भावात मुरते. तुमच्या शेअरचा मागच्या तीन-चार महिन्यांचा चार्ट उघडा. तो बाजारापेक्षा खूप जास्त चढलेला असेल, तर दुप्पट नफ्याचे पैसे तेव्हाच मिळून गेले. निकालाला उरली ती नफावसुली.

त्याच अभ्यासात उलट बाजूही दिसली होती: निकालानंतरही भाव काही काळ त्याच दिशेने सरकत राहतो. यावर कमाई करायचा मोह होईल, पण हा सरकण्याचा प्रकार मुख्यतः लहान, कमी उलाढालीच्या शेअरमध्ये सापडतो आणि तिथे खरेदी-विक्रीच्या भावांतला फरकच बराचसा फायदा गिळतो.

आणखी एक तपासा, दुप्पट नफा आला कुठून? जमीन किंवा उपकंपनी विकून आला असेल, तर पुढच्या तिमाहीत तो परत येणार नाही. बाजार असा नफा बाजूला काढून उरलेल्या धंद्याकडे पाहतो. मी तर निव्वळ नफ्याच्या ओळीआधी 'इतर उत्पन्न' आणि 'अपवादात्मक बाबी' वाचतो.

निकालाच्या आदल्या दिवशी कॉल ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क, विकत घ्यायचा विचार असेल तर थांबा. अनिश्चिततेमुळे त्या दिवशी प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, फुगलेला असतो. निकाल लागताच अनिश्चितता संपते आणि प्रीमियममधली हवा जाते. शेअर २ टक्के वर गेला तरी तुमचा कॉल तोट्यात दिसू शकतो.