ओटीपी देऊ नका ताई, मी तर सहीच देऊन बसले होते

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातला चहा तसाच गार झाला. लग्नानंतर नाव माहेरच्या मतदार यादीतून सासरच्या पत्त्यावर आणायचंय, आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे एक काका म्हणतायत, "आधारचा फोटो टाका, ओटीपी आला की सांगा, बाकी मी भरतो." पाठवू का, असं विचारलंय. नका पाठवू. काका सज्जनच असतील. मला भेटलेला मुलगाही सज्जनच होता.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, सासर पिंपरी-चिंचवडमध्ये. २०२३ मध्ये आमच्या गेटपाशी मांडव टाकून मतदार नोंदणीचं शिबिर लागलं. कुणाचं ते जाऊ दे. टेबलावरच्या मुलाने आधारची झेरॉक्स, वीजबिल आणि फोटो घेतला, फॉर्मवर पेन्सिलीने फुली मारली, म्हणाला, "मॅडम, इथे सही." मागे रांग, कडेवर पोरगं. केली सही.

त्याने भरला होता नमुना ६, म्हणजे पहिल्यांदा नाव घालायचा. माझं नाव माहेरी आधीच होतं, म्हणून हवा होता नमुना ८. १ ऑगस्ट २०२२ पासून पत्ताबदल ८ मधूनच होतो, मतदारसंघ बदलला तरी. आणि ६ च्या शेवटी घोषणापत्र असतं, की मी पहिल्यांदाच अर्ज करते आहे, माझं नाव दुसऱ्या कुठल्या यादीत नाही. त्याखाली माझी सही! खोट्या घोषणेला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला कुणी काही केलं नाही, पण हे नंतर वाचलं तेव्हा पोटात गोळा आला.

त्याहून मोठा घोळ मोबाइलचा. फॉर्मवर त्याने स्वतःचा नंबर टाकला होता, "सगळ्यांचे एका जागी राहतात" म्हणून. त्यामुळे संदर्भ क्रमांक गेला त्याच्या फोनवर. बीएलओ बाईंनी, म्हणजे आमच्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या शिक्षिकेने, पत्ता तपासायला फोन केला तोही त्यालाच. उचलला नाही, अर्ज नामंजूर. तिकडे माहेरी बीएलओ आले, "मुलगी कुठे असते?" विचारलं. बाबांनी कौतुकाने सांगितलं, लग्न झालं, पुण्याला असते. तिकडचंही नाव कमी झालं.

मला हे कळलं १३ मे २०२४ ला, लोकसभेच्या दिवशी, केंद्रावर. मतदार कार्ड हातात, यादीत नाव नाही. आणि यादीत नाव नसेल तर कार्डाचा उपयोग शून्य.

मग कचेरीच्या फेऱ्या. कुठली ते लिहीत नाही. खिडकीवरचे साहेब म्हणाले, संदर्भ क्रमांक आणा, त्याशिवाय अर्ज दिसत नाही. क्रमांक त्या मुलाच्या फोनवर, आणि मुलाने फोन बदललेला. मग नवा अर्ज भरू का? "जुन्याचं काय झालं ते कळल्याशिवाय भरू नका, दुबार होईल." पाच फेऱ्यांत हेच उत्तर, आणि मी ते ऐकत बसले. माझं सगळ्यात जास्त नुकसान त्या वाक्याने केलं. शेवटी बीएलओ बाईंनाच त्यांच्या शाळेत जाऊन गाठलं. दहा मिनिटांत त्यांनी सांगितलं, तो अर्ज कधीच नामंजूर झालाय, माहेरचंही नाव आता नाही, तेव्हा नव्याने ६ भरा. पण तोवर विधानसभेची उमेदवारी भरायची शेवटची तारीख, २९ ऑक्टोबर, उलटून गेली होती. त्यानंतर त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव घालता येत नाही. २० नोव्हेंबरला मी घरी बसून सगळ्यांच्या बोटांवरची शाई बघितली. (निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील असतं, पण १५ दिवसांत. मला निर्णयच माहीत नव्हता.)

आता तुमचं. मी वकील नाही, भाजलेली बाई आहे, तेवढंच धरून वाचा. नमुना ८ स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतः भरा. हल्ली ऑनलाइन अर्जावर आधारशी जोडलेल्या मोबाइलच्या ओटीपीने ई-सही होते. म्हणजे काका ओटीपी मागतात तेव्हा ते तुमची सही मागतायत, तीही त्यांनी काय भरलंय ते तुम्ही न वाचता. कागदावर भरून बीएलओकडेही देता येतो. झेरॉक्स द्यायचीच असेल तर त्यावर आडवं ‘फक्त मतदार नोंदणीसाठी’ आणि तारीख लिहा, माझ्या मते एवढं तरी करावंच.

आधार क्रमांक दिलाच पाहिजे असं नाही. त्याच १९५० च्या कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीतच लिहिलंय की योग्य कारणाने तो देता आला नाही तर अर्ज नाकारायचा नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने सर्वोच्च न्यायालयातही तो बंधनकारक नसल्याचं सांगितलं. खिडकीवर मात्र तुमच्याशी वाद घालतील, तयारी ठेवा.

तुम्ही लिहिलंय, घरचा पत्ता कुणाला कळू नये. तो लपणं कठीण. यादी जाहीरच असते: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, कार्ड क्रमांक. जाहीर प्रतीत फोटो नसतो, एवढाच दिलासा. मोबाइल, आधार आणि जन्मतारीख मात्र यादीत नसतात, ती जपा. त्या शिबिरानंतर मला वाढदिवसाला अनोळखी नेत्यांच्या शुभेच्छा आणि कर्जाचे फोन येऊ लागले. तिथूनच माहिती गेली हे सिद्ध करता येणार नाही, पण माझी जन्मतारीख त्यांना स्वप्नात दिसली नसणार.

आणि माहेरी आजच फोन करा. बीएलओ आले तर ‘ती नमुना ८ भरते आहे’ एवढंच सांगायचं. आमच्या बाबांनी त्यांना पोहे खायला घालून लग्नाचा अल्बमसुद्धा दाखवला होता.