गाठ माझी, पण मला कोणी विचारूनच नाही राहिलं

प्रश्न : ताई, मी 46 वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते, घरीच पिको-फॉलचं काम करते. डाव्या स्तनात दीड सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघाला, काखेत पसरलेला नाही म्हणतात. सर्जन म्हणाले, नुसती गाठ काढून रेडिएशन देता येईल किंवा पूर्ण स्तन काढता येईल, ठरवून सांगा. घरी भासरे, नणंद, हे, सगळे म्हणून राहिले की पूर्णच काढून टाक, झंझट नको. रिपोर्ट साड्यांखाली ठेवलाय, रात्री उठून वाचते, काही कळत नाही. विचारात वेळ गेला तर पसरेल का?

उत्तर : आधी शेवटचं सांगते. आठ-पंधरा दिवस समजून घेण्यात गेले तर बिघडत नाही, महिनेच्या महिने मात्र घालवू नका.

आता मुख्य गोष्ट. मिलानमध्ये तुमच्यासारखीच लहान गाठ असलेल्या 701 बायकांवर अभ्यास झाला, 20 वर्षांचा निकाल 2002 मध्ये आला, आणि पूर्ण स्तन काढलेल्या काय, गाठीचा भाग काढून रेडिएशन घेतलेल्या काय, जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. वाचवलेल्या स्तनात परत गाठ येण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं, हेही खरं. पण पूर्ण काढलं की जास्त जगतो, हे घरचे काळजीपोटी म्हणतात, तसं नाहीये. रेडिएशन साधारण 3 ते 5 आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज जावं लागतं, पण त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, तुमच्याजवळच तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. खर्चाचं हॉस्पिटलातल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. रोजची ये-जा नको म्हणून कोणी पूर्ण काढायचं ठरवते, तेही चूक नाही, फक्त ते तिनं ठरवलेलं असावं.

2017 ला माझ्या वेळी डॉक्टर सगळं ह्यांच्याकडे बघून बोलले, मी बाजूला पर्सची चेन उघड-बंद करत बसले, काय ठरलं ते मला परतताना गाडीत कळलं. ऑपरेशनची जखम भरली, ते गाडीत कळणं अजून बोचतं.

म्हणून रिपोर्ट साड्यांखालून काढा. ईआर, पीआर, हर-टू (गाठ हार्मोनवर किंवा हर-टू नावाच्या प्रथिनामुळे वाढते का, ते सांगणाऱ्या तपासण्या) काय आलंय, किमो लागेल का, ऑपरेशनच्या आधी की नंतर, हे कागदावर लिहून न्या. नणंदेला सोबत घ्या, पण डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर तुम्ही बसा.