लॅबमधला माणूस सीईओ होतो का?

प्रश्न : मी फूड टेक्नॉलॉजी करून एका ज्यूस बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, सहा वर्षं झाली. आमच्याकडे वर जातात ते सगळे सेल्स-मार्केटिंगवाले, लॅबवाला लॅबमध्येच रिटायर होतो असं सिनियर म्हणतात. मला कंपनी चालवायच्या लेव्हलला जायचंय. नोकरी सोडून एमबीए करू का?

उत्तर : लगेच राजीनामा देऊ नका हो. आधी त्या सिनियर मंडळींना रॉबर्टो गोइझुएटाचं नाव सांगा. केमिकल इंजिनियर, १९५४ साली हवानामध्ये पेपरातली जाहिरात बघून कोका-कोलाच्या टेक्निकल कामाला लागला, पुढे क्युबा सोडावं लागलं पण कंपनी सोडली नाही, आणि १९८१ मध्ये तिचा मुख्य झाला तो १९९७ ला जाईपर्यंत. अर्थात मधल्या काळात टेक्निकलच्या जोडीला लीगल, ॲडमिन असली खाती पण त्याच्याकडे आली होती, नुसत्या टेस्ट ट्यूब हलवून कोणी वर जात नाही.

आणि गंमत बघा, याच माणसाच्या हातून न्यू कोक झालं. १९८५, जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन बघितली, नवीन गोड चव जास्त जणांना आवडली, म्हणून जुनं बंदच करून टाकलं. लोक असे भडकले की ७९ दिवसांत जुनं परत आणायची घोषणा करावी लागली. आकडे खोटे नव्हते, पण जुनी चव कायमची जाणार म्हटल्यावर कसं वाटेल हे त्या चाचणीत विचारलंच नव्हतं. तुम्ही क्वालिटीवाले आहात म्हणून मुद्दाम सांगतेय, आपण जे मोजतो तेवढंच खरं वाटायला लागतं.

म्हणून माझं म्हणणं, आधी सहा महिने तरी सेल्स नाहीतर सप्लाय चेनमध्ये मागून घ्या. एक दिवस डिलिव्हरीच्या गाडीत बसा. तुम्ही पास केलेली बॅच दुकानात कुठे पडलीये ते बघा, नवीन खोकी पुढे रचलेली असतात आणि एक्स्पायरीला आलेल्या बाटल्या मागे धूळ खात. महिनाअखेरीला टार्गेटसाठी डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात माल मारला की कागदावर प्रायमरी सेल, म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला केलेली विक्री, मस्त दिसतो, दुकानातून मात्र उचल नसते आणि तीन महिन्यांनी तोच माल रिटर्न येतो. हा तोटा मार्केटिंगवाल्याला उशिरा कळतो. तुम्हाला शेल्फ लाइफ तोंडपाठ आहे, तुम्ही आधीच सांगू शकता!

एमबीए वाईट नाही. इंद्रा नूयींनी आयआयएम कलकत्ता केलं, नंतर येलला गेल्या, १९९४ ला पेप्सिकोत आल्या त्या स्ट्रॅटेजीच्या कामावर, २००१ ला सीएफओ (पैशांच्या कारभाराच्या प्रमुख), २००६ ला सीईओ. पण कॅम्पसमधून थेट पेप्सिकोत नाही गेल्या, आधी बाकीच्या कंपन्यांत बरीच वर्षं काढली होती. बॅलन्स शीट वाचता येत नसेल तर नोकरी सांभाळून पार्टटाइम करा, तेवढं पुरतं.

सध्या एकच करा, गेल्या वर्षभराच्या रिटर्न मालाची फाइल मागवा, बॅच नंबरप्रमाणे लावा आणि कुठल्या महिन्यात भरलेला माल जास्त परत आलाय ते शोधा. मग तो कागद घेऊन सेल्स हेडकडे जा, क्वालिटीच्या साहेबांना आधी सांगून, नाहीतर उगाच राजकारण होईल.