लहानपणी कॉक्लिअर इम्प्लांट झालेली मुलं मोठेपणीही मशीन वापरतात का?

तुमच्या दीड वर्षाच्या मुलीला इम्प्लांट सुचवलंय, आणि ते आयुष्यभर चालेल की मोठी झाल्यावर ती काढून ठेवेल, असं तुम्ही विचारलंय. मी जन्मतः बहिरी. तीन वर्षांची असताना उजव्या कानाचं ऑपरेशन झालं, आता तिशीला टेकलेय, आणि मशीन सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कानावर असतं.

इम्प्लांटचे दोन भाग असतात: ऑपरेशनने डोक्यात बसवलेला, ज्याची बारीक तार (इलेक्ट्रोड) कानाच्या नसेला विजेचे संकेत देते, आणि कानावर घालायचा, आवाज टिपणारा प्रोसेसर, म्हणजेच मशीन. लोक डोक्यातल्या भागाची धास्ती घेतात. कानाच्या आतला तो शंखासारखा भाग जन्मतःच पूर्ण आकाराचा असतो, त्यामुळे मूल वाढलं म्हणून इलेक्ट्रोड बदलावा लागत नाही. मेलबर्नमध्ये १९८५ पासून मुलांना मल्टिचॅनेल (अनेक इलेक्ट्रोडचे) इम्प्लांट बसवू लागले. ती मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. आतला भाग क्वचित बिघडतो, तेव्हा पुन्हा ऑपरेशन करून बदलतात.

घोर असतो तो बाहेरच्या प्रोसेसरचा. डोक्याला चिकटणारी कॉईल, वायर, बॅटऱ्या सतत लागतात. काही वर्षांनी कंपनी ते मॉडेल बंद करते, सुटे भाग मिळेनासे होतात आणि नवा प्रोसेसर लाखांत जातो. केंद्राच्या एडिप योजनेतून (अपंगांना साधनं देणारी योजना) इम्प्लांट मिळतं (वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा), पण पुढच्या वीस-तीस वर्षांचा खर्च घरानेच धरून चालायचा. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी मशीन सोडलं, त्यातल्या बहुतेकांचं कारण हेच. सोलापूरकडचा एक मित्र छान बोलायचा. प्रोसेसर बंद पडला, दुरुस्तीला पैसे नव्हते, मशीन कपाटात गेलं ते गेलंच. म्हणून ऑपरेशनच्या आधीच कंपनीला वॉरंटी, जुना प्रोसेसर देऊन नवा घेण्याची सोय आणि विम्याबद्दल खोदून विचारा. लेखी घ्या.

दुसरं कारण उशीर. सहाव्या-सातव्या वर्षी इम्प्लांट झालेल्या काहींना आवाज येतो, पण शब्द सुटे होत नाहीत. मग तो नुसता गोंगाटच. त्यांनी मशीन काढलं तर मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. तुमची मुलगी वेळेत आहे, फक्त मॅपिंग (मशीनचा आवाज तिच्या कानाला जुळवून घेणं) आणि स्पीच थेरपी चुकवू नका. आठवी-नववीत ती मशीन केसांखाली लपवेल. लपवू दे, घातलंय ना!

मशीन असलं तरी ऐकणं तुमच्यासारखं नसतं. माझ्या इम्प्लांटमध्ये २२ इलेक्ट्रोड आहेत. चांगल्या कानात हे काम तीन हजारांवर पेशी करतात. समोरासमोर गप्पा, ऑफिसचा फोन, सगळं जमतं. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र ओठांकडे बघावं लागतं. गाण्याचा ठेका कळतो, सूर निसटतो.

एमआरआयचंही विचारून घ्या. आत चुंबक असतं, जुन्या मॉडेलमध्ये काही वेळा तपासणीसाठी ते काढावं लागतं. कुठलंही ऑपरेशन असो, दाताचं का असेना, इम्प्लांट आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचं आणि त्याचं कार्ड जवळ ठेवायचं.

साईन लँग्वेज शिकवली तर मूल बोलायचं नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मी कॉलेजनंतर शिकले, माझं बोलणं कुठे गेलं नाही. मशीन उतरवलं की मी बहिरीच असते: आंघोळीला, पोहताना, बॅटरी संपल्यावर. तेव्हा नवरा हातानेच बोलतो. तुमच्या मुलीला दोन्ही द्या, आणि तुम्हीही शिका.