सब (खर्जाचे स्पीकर) जमिनीवर आणि मेन (मुख्य स्पीकर) टांगलेले असतील तर डिले, म्हणजे मुद्दाम दिलेला उशीर, कोणाला द्यायचा?
ज्याचा आवाज आधी पोहोचतो त्याला. इथे बहुधा सबला. प्रेक्षकांच्या मध्यावरून अंतरं मोजा. मेन सबपेक्षा ३ मीटर जास्त दूर असेल तर सबला साधारण ८.७ मिलिसेकंद. पण ही नुसती सुरुवात, कारण क्रॉसओव्हरचे (सब आणि मेनमध्ये फ्रिक्वेन्सी वाटून देणारे) फिल्टर स्वतःही फेज, म्हणजे लहरीची वेळेतली स्थिती, फिरवतात. मग सबची पोलॅरिटी (सिग्नलचं अधिक-उणे) उलटी करा, क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीचा, समजा ९० हर्ट्झचा, साइन टोन लावा, दोघांची लेव्हल त्या जागी सारखी ठेवा आणि आवाज सगळ्यात कमी होईल तिथवर डिले सरकवा. पोलॅरिटी परत सरळ करायला विसरू नका! एका टोनवर ११.१ मिलिसेकंदांची, म्हणजे पूर्ण सायकलची, चूक कानाला कळत नाही. म्हणून ॲनालायझरवर (आवाज मोजून आलेख दाखवणाऱ्या साधनावर) सब आणि मेनच्या दोन्ही फेज रेषा एकाच उताराच्या दिसायला हव्यात. जुळणी मात्र त्या जागेपुरतीच, पहिल्या रांगेत ती बिघडणारच.